समुद्र बंद असतो तेव्हा

(लक्ष्मीबाई नगर येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एखाद्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आम्ही पडलो सरकारी नोकर. टिपणी लिहिणे हा आमचा व्यवसाय. वक्तृत्व हा नव्हे. तथापि या मंडळाने आम्हांला दिल्लीत घरपण दिले आहे, तेव्हा आज्ञा मोडणे शक्य नव्हते. विषय निवडताना काश्मीर, केदारनाथ अशी नावे डोळ्यांसमोर आली. पण ज्या प्रवासात पाहण्यासारखे फारसे काही पाहता आले नाही, आणि तरीही जो आमच्या कुटुंबात आजतागायत सर्वाधिक बोलला जातो, त्या अंदमानच्या प्रवासाविषयीच सांगावे असे ठरविले.

ही हकीकत डिसेंबर २०१६ मधील आहे. या सभागृहातील बहुसंख्य श्रोते केंद्र शासनाच्या सेवेत आहेत किंवा होते. त्यामुळे ‘एलटीसी’ म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. २०१४ साली शासनाने स्वग्रामाच्या प्रवासाऐवजी अंदमान-निकोबारला विमानाने जाण्याची मुभा दिली व पुढे तिची मुदत वेळोवेळी वाढविली. आमचे स्वग्राम अलिबागजवळचे. मातोश्रींचे माहेरही त्याच बाजूचे. घरची वारी सोडून अंदमान गाठावे, ही कल्पना मुलांची नव्हती, आमचीही नव्हती. ती चौऱ्याहत्तर वर्षांच्या मातोश्रींची होती. “एकदा ती कोठडी पाहायची आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. कोणती कोठडी, हे मराठी घरात विचारावे लागत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. आपण ज्या वसाहतीत राहतो तिला झाशीच्या राणीचे नाव आहे. पत्ता लिहिताना ते आपण इतक्या वेळा लिहितो की त्यातील अर्थ झिजून जातो. राणी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडल्या. त्याच वर्षीच्या १० मार्चला, उठावात पकडलेल्या दोनशे बंदिवानांना घेऊन पहिले जहाज अंदमानात पोहोचले होते आणि काळ्या पाण्याची वसाहत सुरू झाली होती. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला जो द्वीपसमूह आहे, त्यातील बेटांना इंग्रजांनी सत्तावनच्या आपल्या सेनानींची नावे दिली. हॅवलॉक हा कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याशी लढलेला सेनापती. नील हा त्याचाच सहकारी, लखनौला मारला गेलेला. नीलजवळ एक चिमुकले बेट आहे, त्याचे नाव सर ह्यू रोज. झाशीला वेढा घालणारा तो हाच! म्हणजे लक्ष्मीबाई नगरातून निघालेले कुटुंब थेट ह्यू रोजच्या शेजारी जाऊन पोहोचणार होते. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप व नीलचे शहीद द्वीप असे नामकरण झाले. २०२४ साली पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. आमच्या प्रवासाच्या वेळी मात्र जुनीच नावे प्रचारात होती, म्हणून या कथनापुरती तीच वापरतो.

२ डिसेंबरला आम्ही दिल्ली सोडली. मातोश्री, सौभाग्यवती, बारावीतील कन्या, सातवीतील चिरंजीव आणि आम्ही, असे पाच जण. दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल पाहिला. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला हा तुरुंग. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती फुटलेल्या, प्रत्येक तीन मजली. आज त्यांपैकी तीनच उभ्या आहेत. सुमारे सातशे कोठड्या आणि प्रत्येक कोठडीचे दार समोरच्या इमारतीच्या पाठीकडे, जेणेकरून कोणाला कोणाचे तोंड दिसू नये. बंगालचे, पंजाबचे, महाराष्ट्राचे, किती तरी क्रांतिकारक येथे खितपत पडले. भिंतीवरील नामावलीत बंगाली नावेच सर्वांत अधिक आहेत. बाबाराव सावरकर येथे आधीच होते. ४ जुलै १९११ रोजी, ऐन पावसाळ्यात, धाकटे बंधू विनायकरावही येथे उतरले. एकाच तुरुंगात असूनही भावाला भाऊ कित्येक दिवस भेटू शकला नाही. तिसऱ्या मजल्यावरील टोकाच्या त्या कोठडीत मातोश्री अर्धा तास बसून राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

४ तारखेला, रविवारी, आम्ही हॅवलॉकला गेलो. पोर्ट ब्लेअरपासून चाळीस किलोमीटरच्या आसपासचा तो जलप्रवास. मातोश्रींना बोट लागते, म्हणून त्यांनी स्वतःच पोर्ट ब्लेअरच्या विश्रामगृहात थांबण्याचे ठरविले. “माझं पाहून झालं. तुम्ही दोन रात्री राहून या. मला माझं पुस्तक आहे,” असे म्हणून त्यांनी ‘माझी जन्मठेप’ उशाशी काढून ठेवले. विश्रामगृहाचा वृद्ध रखवालदार जन्माने अंदमानचाच. त्याचे पूर्वज बेड्या घालून आणलेले. “माताजींची चिंता करू नका,” असे त्याने आम्हांला बोटीवर निघताना सांगितले होते.

५ तारखेच्या पहाटेपासून पाऊस लागला. आपल्या कोकणातला पाऊस सरीवर सर असा येतो, मध्ये दम घेतो. हा पाऊस दम घेत नव्हता. दुपारपर्यंत वाऱ्याने सुपारीची झाडे जमिनीकडे वाकविली. ६ तारखेला आम्ही धक्क्यावर गेलो, तेव्हा तेथे शेकडो माणसे सामानासह उभी होती आणि एका कागदावर हाताने एवढेच लिहिले होते की पुढील आदेशापर्यंत सर्व जहाजे बंद.

आता या वादळाविषयी थोडे सांगणे उचित होईल; कारण आपल्या वसाहतीपासून फार दूर नसलेल्या लोधी मार्गावरील मौसम भवनाशी त्याचा निकटचा संबंध आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर असले, त्यावरील हवेत बाष्प भरपूर असले आणि वरच्या थरांतील वारे फार परस्परविरोधी नसले, की कमी दाबाचे क्षेत्र जोर धरू लागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे आत ओढली जाणारी हवा उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला, की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते व त्याला नाव देते. बंगालच्या उपसागरातील कित्येक वादळे अंदमानच्या आसपास जन्म घेतात आणि आंध्र, तामिळनाडू किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर जाऊन थैमान घालतात. अंदमान हे जणू वादळांचे माहेर आहे. तेथे ती पाळण्यात असतात. पण पाळण्यातल्या या बाळाची लाथही चार दिवस बेटे जगापासून तोडू शकते. आमच्या वादळाचे बारसे ८ डिसेंबरला झाले. ‘वरदा’ हे त्याचे नाव. मराठी कानाला ते आशीर्वादासारखे वाटले. परंतु ते पाकिस्तानने सुचविलेले होते व त्याचा अर्थ गुलाब असा आहे, हे मागाहून समजले. या वरदानेच १२ डिसेंबरला चेन्नईला तडाखा दिला आणि तेथील हजारो वृक्ष उन्मळून पडले. बारसे होण्यापूर्वीच त्याने आम्हांला गाठले होते, इतकेच.

धक्क्यावर त्या सकाळी जे घडले ते आम्ही पुष्कळदा आठवतो. लोक संतापले होते. कोणाचे विमान चुकणार होते, कोणाची रजा संपत होती, एका नवदांपत्याचे नातेवाईक कोलकात्यात वाट पाहत होते. एक धडधाकट तरुण बंदराच्या कर्मचाऱ्यावर ओरडला, “समोर एवढी मोठी जहाजं असतात, दोन तासांचं अंतर, तुम्हांला भीती कसली वाटते?” तो कर्मचारी वयाने लहान होता, नखशिखांत भिजलेला होता. त्याने शांतपणे सांगितले, “साहेब, मला भीती वाटत नाही. मला परवानगी नाही.”

बंधुभगिनींनो, ‘परवानगी नाही’ हे शब्द आम्ही तीस वर्षे कागदावर लिहीत आलो आहोत. ते शब्द ऐकणाऱ्यांच्या रांगेत भिजत उभे राहण्याचा योग मात्र तेव्हा आला. आमच्या चिरंजीवांनीही आम्हांला विचारले, “बाबा, तुम्ही सरकारी अधिकारी आहात ना? मग त्यांना सांगा ना, आजी तिकडे एकटी आहे.” पित्याला यापेक्षा कठीण प्रश्न मुलाने विचारू नये. आम्ही त्याला त्या रात्री, मेणबत्तीच्या उजेडात, त्याच्या आजीच्याच गावाकडची हकीकत सांगितली.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. गटारीच्या सुमारास घरी निघालेल्या चाकरमान्यांनी भरलेली ‘रामदास’ ही आगबोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. अंतर फार थोडे, रोजची वाट. हवा बिघडली, काशाच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलंडविली, आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली. आमच्या मातोश्री तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. त्यांच्या माहेरच्या आळीत त्या दिवशी किती चुली पेटल्या नाहीत, हे त्या अजून सांगतात. ‘अंतर थोडे आहे’ हा समुद्रावर युक्तिवाद होऊ शकत नाही. आपले कोळी बांधव हे पिढ्यानुपिढ्या जाणतात. पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून दर्यात जायचे नाही, हा त्यांचा शासननिर्णय कोणत्याही मंत्रालयाने काढलेला नाही. चिरंजीव ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे त्या काकांनी नाही म्हटलं ते बरोबर?” आम्ही म्हटले, “बरोबर. पण त्यांनी रोज सकाळी येऊन तेच सांगायला हवं. ‘नाही’ म्हणून निघून जाणं बरोबर नाही.” तो कर्मचारी खरोखरच पुढील तिन्ही सकाळी आला आणि तेच सांगत राहिला. म्हणूनच कदाचित धक्क्यावर कोणाचाही हात कोणावर उठला नाही.

बेटावरील परिस्थिती उत्तरोत्तर कठीण होत गेली. हॅवलॉकची वीज डिझेलवर चालणाऱ्या यंत्रांची. तारांवर झाडे पडली तशी ती गेली. दूरध्वनी मुका झाला. भाजीपाला, कांदे-बटाटे, गोडेतेल, सारे बाहेरून जहाजानेच येणारे. त्यातच नोटाबंदीला नुकताच महिना झाला होता. ८ नोव्हेंबरला पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झालेल्या. नव्या दोन हजारांच्या नोटेला सुटे पैसे कोणाकडे नाहीत. कार्डाचे यंत्र वीज नि दूरध्वनी यांच्यावाचून निरुपयोगी. दिल्लीत बँकेत हजारो रुपये असलेली माणसे तेथे चहाला महाग झाली.

आम्ही उतरलो होतो त्या लहानशा निवासाचा मालक बंगाली होता. देशाच्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात शासनाने या बेटावर जमिनी देऊन वसविले. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही गावांची नावे त्यांच्याच भक्तिभावातून आलेली. या गृहस्थाचे वडील त्या लोकांपैकी. ६ तारखेच्या संध्याकाळी त्याने सर्व पाहुण्यांना भोजनगृहात एकत्र बोलावले आणि सांगितले, “तांदूळ आठ दिवसांचा आहे. नारळ आहेत. मासळी नाही, कारण होड्या बाहेर जात नाहीत. पैसे आज मागत नाही. वहीत लिहा, घरी पोहोचलात की पाठवा. माझे वडील येथे उतरले तेव्हा त्यांच्याजवळही पैसे नव्हते.”

त्या भोजनगृहात आम्ही सव्वीस माणसे होतो. अमृतसरचे नवविवाहित, कोलकात्याचे एक मोठे कुटुंब, मदुरैचे वृद्ध दांपत्य, इंदूरचे दोन व्यापारी बंधू आणि आम्ही. वही आमच्याकडे आली. सरकारी माणसाला लिहिण्याचे काम देण्याची लोकांची जुनी सवय आहे! पण त्या वहीत केवळ हिशेब राहिला नाही. कोणाकडे कोणते औषध आहे व किती दिवस पुरेल, कोणाचे मूल लहान आहे, कोणाकडे विजेरी आहे, कोणाला कोणती भाषा येते, अशी पाने वाढत गेली. मदुरैच्या आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या दोन दिवसांत संपणार, हे त्या वहीमुळेच लक्षात आले. कोलकात्याच्या कुटुंबातील काकांकडे त्याच गोळ्या होत्या, त्या वाटून घेतल्या. सौभाग्यवतींनी तांदळाच्या पिठाची घावने आणि नारळाची चटणी करून दाखविली. तिसऱ्या दिवशी अमृतसरची सून घावने घालत होती नि मदुरैच्या आजी तिला “तवा तापू दे” असे खुणेने सांगत होत्या. आमच्या कन्येने मुलांची शाळा भरविली. चार दिवसांत तेथे एक मंडळ स्थापन झाले. त्याला घटना नव्हती, वर्गणी नव्हती, निवडणूक तर नव्हतीच. पण काम मात्र चोख चालले होते.

मनाला टोचणी एकच. मातोश्री. ७ तारखेला पोलिसांनी अडकलेल्या पर्यटकांच्या याद्या केल्या. आम्ही यादी देणाऱ्या हवालदारास विश्रामगृहाचे नाव सांगितले आणि बिनतारी यंत्रावरून निरोप देता आला तर पाहा, अशी विनंती केली. त्याने मान हलविली. निरोप गेला की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. रात्री वाऱ्याचा आवाज ऐकत पडून राहायचे आणि सौभाग्यवतींनी विचारायचे, “आईंनी जेवण केलं असेल ना?” हेच त्या दोन रात्रींचे बोलणे.

७ तारखेसच नौदलाची जहाजे पोर्ट ब्लेअरहून निघाली होती. परंतु खवळलेल्या समुद्रामुळे त्यांना बंदरात शिरता येईना, ती बाहेर थांबून राहिली. ज्यांना आम्ही सर्वशक्तिमान समजतो त्या नौदलानेही समुद्राचा नकार मानला, हे चिरंजीवांना आम्ही मुद्दाम दाखविले. ९ तारखेला, शुक्रवारी, वारा उतरला. नौदल, तटरक्षक दल व वायुदलाची हेलिकॉप्टरे यांनी हजाराहून अधिक पर्यटकांना बेटांवरून सुखरूप बाहेर काढले. धक्क्यावर आजारी, वृद्ध व लहान मुले यांना प्रथम घेण्यात आले. तीन दिवसांपूर्वी ओरडणारा तो तरुण मदुरैच्या आजोबांना हाताला धरून फळीवरून चढवीत होता. बंदराचा तो कर्मचारी एका बाजूस उभा होता. तरुणाने जाता जाता त्याच्यापुढे हात जोडले. दोघेही काही बोलले नाहीत.

सायंकाळी आम्ही विश्रामगृहात पोहोचलो. मातोश्री व्हरांड्यात बसल्या होत्या. निरोप ७ तारखेच्या रात्रीच त्यांना मिळाला होता: ‘चौघे खुशाल’. दोनच शब्द. रखवालदाराची बायको रात्री त्यांच्या खोलीत झोपायला येत होती आणि दोघी एकमेकींची भाषा न कळता गप्पा मारीत होत्या. आम्ही पाया पडलो. त्यांनी नातवंडांना जवळ घेतले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “चार दिवस वाट पाहिली तर जीव अर्धा झाला रे. येसूवहिनींनी किती वर्षं पाहिली असेल?”

बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी १९१९ साली निवर्तल्या. पतीची भेट त्यांना पुन्हा घडली नाही. आम्ही ती कोठडी पाहिली होती, इमारतींचे मोजमाप ऐकले होते, वर्षे पाठ केली होती. परंतु काळे पाणी म्हणजे काय, याचा खरा अर्थ आमच्या घराला त्या व्हरांड्यात, त्या एका वाक्याने कळला. शिक्षा समुद्रापलीकडे गेलेल्याला होते. तितकीच ती अलीकडे राहिलेल्याला होते. आम्हांला निरोपाचे दोन शब्द मिळाले. त्यांना वर्षाकाठी एक पत्र मिळाले तरी भाग्य.

वहीतील सर्व खाती जानेवारीअखेर मिटली, हे येथे नमूद केले पाहिजे. सव्वीस माणसांपैकी एकानेही त्या बंगाली गृहस्थाचे पैसे बुडविले नाहीत.

या प्रवासाचे सार मंडळासमोर ठेवून आम्ही रजा घेतो. भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्यापूर्वी १८६४ साली कोलकात्याच्या वादळात हजारो माणसे पूर्वसूचनेवाचून प्राणास मुकली होती. आज उपग्रह आहेत, रडार आहेत, बंदरांवर एक ते अकरा क्रमांकांचे इशारे चढतात. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा सुपारी-नारळाच्या बागा गेल्या, घरांची छपरे उडाली. पण हजारो लोक आधीच सुरक्षित ठिकाणी हलविले गेले होते. म्हणजे शासनाने शास्त्राचे ऐकले व लोकांनी शासनाचे ऐकले, तर माणसे वाचतात. परंतु इशारा आणि सुटका यांच्यामध्ये जे तीन-चार दिवस असतात, ते दिवस शासन काढून देत नाही. ते शेजाऱ्यांनी काढायचे असतात.

पन्नास वर्षांपूर्वी बदलीचा हुकूम हातात घेऊन दिल्लीत उतरलेल्या ज्या मंडळींनी हे मंडळ उभारले, त्यांच्याजवळही फारसे काही नव्हते. त्यांनीही एक वही केली असेल. कोणाकडे कोण आजारी आहे, कोणाला खोली हवी आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरत आहे. आपल्याकडे आज सभासदांची छापील यादी आहे. तीत नाव, पत्ता व दूरध्वनी आहे. आमची एक नम्र सूचना आहे की त्या यादीला एक रकाना जोडावा: घरी एकटे कोण असते, आणि त्यांच्या शेजारी कोण आहे. हॅवलॉकच्या वहीतील ते सर्वांत उपयुक्त पान होते. सूचना मान्य झाल्यास ती यादी तयार करण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू. मातोश्री आता ब्याऐंशी वर्षे ओलांडून गेल्या आहेत आणि पहिले नाव त्यांचेच लिहिता येईल.